घरच्यांचा फोल्डर

त्याला सगळे झटपट म्हणायचे, आणि हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. कुठलंही काम सांगा, "झटपट होईल" हे उत्तर तयार. इस्पितळाच्या पत्र विभागात तो हंगामी कारकून म्हणून लागला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. आता छत्तिशी आली होती आणि गडी अजून हंगामीच होता. दर अकरा महिन्यांनी त्याला एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी झाली असं म्हणायची सोय राहू नये. त्या एका दिवशी तो पलंगावर बसून राहायचा आणि बायको त्याला पाय वर घ्यायला सांगत त्याच्याभोवती झाडू मारायची. अशा नऊ दिवसांनी माणसाचं काय होतं, हे ज्यांना पहिल्या दिवसापासून कायमची नोकरी मिळाली त्यांनी सांगू नये.

पत्र विभाग दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. चार टेबलं, दोन प्रिंटर, त्यातल्या एकात कागद हटकून अडकायचा. खिडकीसमोर इस्पितळाचं धुलाईघर, त्यामुळे दिवसभर काचेवर वाफ. काम एकच होतं. ज्यांच्या गाठीचा तुकडा किंवा रक्त तपासायला घेतलंय त्यांना निकालाचं पत्र पाठवायचं. निकालाची वाक्यं ठरलेली, मोजून चार. 'काही आढळले नाही, पुन्हा येण्याची गरज नाही.' 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.' 'नमुना अपुरा असल्याने पुन्हा द्यावा.' आणि चौथं, 'ताबडतोब डॉक्टरांना भेटावे.' ओपीडीतले डॉक्टर रोज बदलायचे, अहवाल कोणी मागून घेऊन वाचत नसे. पत्र घेऊन माणूस आला तर त्याला तपासायचं, नाही आला तर तो बरा आहे असं धरायचं. अर्ध्या गावाची झोप या चार वाक्यांवर अवलंबून होती आणि पत्र विभागात बसणाऱ्यांना ती तोंडपाठ झाली होती.

ही पत्रं एकतीस वर्षं बाई करत होत्या. त्यांना नुसतं बाईच म्हणायचे. लॅबकडून आलेला अहवाल त्या वर्डमध्ये उघडायच्या, वाचायच्या, पत्र टाइप करायच्या, छापायच्या आणि मग ओठ हलवत पुन्हा वाचायच्या. दिवसाला साठ पत्रं, एकसष्टावं नाही. झटपट नवीन आला तेव्हा कळफलकावर बोटं कुठे ठेवायची इथपासून रडणाऱ्या माणसाशी फोनवर कसं बोलायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच त्याला शिकवलं. त्याला एकदा ताप आला तर घरी जाऊन डोक्यावर पट्ट्या ठेवून आल्या होत्या. बाईंना मूलबाळ नव्हतं. घरी त्या आणि त्यांचे मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, अशी दोनच माणसं.

मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून द्यायच्या हुकमांची यादी, झटपट एकटा शिकला. वाचनालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक त्याने कधी परत केलं नाही आणि जेवणाच्या सुट्टीत ते डब्याला टेकवून वाचलं. एक्सेलच्या तक्त्यात बटण दाबायचं की वर्ड आपणहून उघडतं, पत्राचा नमुना घेतं, नाव-पत्ता भरतं आणि प्रिंटरला पाठवतं, तेही पडद्यावर न दिसता, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याने बाईंना हात धरून टेबलापाशी आणलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "अरे, ही तर भुताटकीच की रे!" म्हणाल्या, आणि विभागात सगळ्यांना सांगत सुटल्या की आमच्या झटपटने बघा काय केलंय.

मग नवे प्रशासक आले. साहेबांना आकडे आवडायचे. निकालाची पत्रं तीन तीन आठवडे रखडतात, हा आकडा त्यांना अजिबात आवडला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी फर्मान काढलं: बुधवारी सकाळी अकरा वाजता एका टेबलावर बाई आणि एका टेबलावर झटपटचं बटण, दोघांना शंभर शंभर पत्रं. बघू या कोण पुढे जातं ते. झटपटला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. साहेब जाता जाता म्हणाले होते, "जमवलंस तर कायम करायचं बघतो तुला." त्यानंतर नाही कोण म्हणणार?

अडचण एकच होती. मॅक्रो अधूनमधून अडायचा. तक्त्यातल्या एखाद्या माणसाचा अहवाल लॅबच्या फोल्डरमध्ये सापडला नाही की पडद्यावर चूक झाल्याची चौकट यायची आणि सगळं ठप्प. साहेबांसमोर असं झालं तर नऊ वर्षांवर पाणी. तो का अडतो हे शोधायला वेळ लागला असता, म्हणून मंगळवारी दुपारी त्याने मॅक्रोच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. तिचा अर्थ इतकाच, की चूक आली तर लक्ष देऊ नकोस, पुढे चल. पुस्तकात त्या ओळीखाली ठळक अक्षरांत इशारा होता. तो त्याने वाचला, आणि पान उलटलं.

बुधवारी विभागात उभं राहायला जागा नव्हती. परिचारिका, लेखा विभागातले, लिफ्टवाला, सगळे तमाशा बघायला हजर. झटपटने बटण दाबलं आणि खुर्चीत मागे रेलून हाताची घडी घातली. चार मिनिटांत शंभर पत्रं प्रिंटरच्या तोंडातून बाहेर. बाई तेव्हा दुसऱ्या पत्रावर होत्या. लोक हसले, कोणीतरी शिटी मारली. बाईंना कोणी थांबा म्हणालं नाही, म्हणून त्या टाइप करतच राहिल्या. तिसरं झालं, चौथं सुरू केलं, कान लाल झालेले, मान खाली. शेवटी साहेबच त्यांच्या खुर्चीमागे जाऊन म्हणाले, "बाई, पुरे आता, संपली शर्यत. का उद्यापर्यंत बसायचंय?" आणि पुन्हा हशा झाला. झटपटही हसला. 

बाईंना तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथे कॉम्प्युटर नव्हता, नुसती एक काच आणि काचेला भोक. उशी आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून निघताना त्या झटपटपाशी आल्या. "तुला एक वही करून देते," म्हणाल्या, "काय काय बघावं लागतं ते लिहून. सगळं काही त्या तक्त्यात नसतं रे."

"बाई, मशीनला वही लागत नाही," झटपट मोठ्याने म्हणाला. विभाग खो खो हसला. बाईही थोड्या हसल्या आणि गेल्या. त्याचा हा विनोद नंतर आठवडाभर कँटीनमध्ये फिरत होता.

त्या वहीत काय आलं असतं ते सांगतो. इस्पितळात एक जुनी पद्धत होती. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचे अहवाल लॅब वेगळे ठेवायची. 'घरचे' नावाचा एक फोल्डर होता. आपल्या माणसांना ताटकळावं लागू नये, मोठ्या डॉक्टरांनी त्यांचे अहवाल आधी बघावेत, म्हणून कोण्या एका भल्या लॅबप्रमुखाने तो काढला होता. तो प्रमुख निवृत्त झाला, मोठे डॉक्टरही गेले, आधी बघणं कधीच बंद पडलं. वेगळं ठेवणं तेवढं राहिलं. बाई रोज सकाळी सगळ्यात आधी तो फोल्डर उघडायच्या, पत्रं करायच्या आणि रिकामा करायच्या. मॅक्रोला त्या फोल्डरचा पत्ताच नव्हता. त्याला अहवाल सापडला नाही की तो ती नवी ओळ पाळायचा आणि पुढे चालायचा. पण पुढे चालताना हात रिकामे नसायचे. आधीच्या माणसाचा निकाल त्याच्या हातात तसाच असायचा, तोच तो पुढच्याच्या पत्रात टाकायचा. वर नाव बरोबर, पत्ता बरोबर, शिक्का बरोबर, आणि खाली दुसऱ्याचा निकाल.

सात आठवड्यांनी, एका गुरुवारी, लॅबमधल्या मॅडमचा फोन आला. "काय हो, घरच्यांचा फोल्डर कोणी रिकामा करतं की नाही? बाई होत्या तेव्हा रोज व्हायचा."

"कुठला फोल्डर?" झटपटने विचारलं.

मग त्याने तो उघडला. आत नऊ अहवाल. एकेक अहवाल घेऊन त्याने पाठवलेल्या पत्राशी ताडून पाहिला. सात जणांचं नशीब थोर, आधीच्याचा निकाल आणि त्यांचा निकाल एकच निघाला होता. एका परिचारिकेच्या मावशीला काही नसताना 'ताबडतोब भेटावे' गेलं होतं. ती बिचारी रडत आली, तिची पुन्हा तपासणी झाली, काही निघालं नाही, आणि घरच्यांनी इस्पितळाला हात जोडले. राहिला नववा. मानेवरची गाठ, पुरुष, वय एकोणसत्तर. अहवालातला निकाल, ताबडतोब डॉक्टरांना भेटावे. पाठवलेल्या पत्रातला निकाल, काही आढळले नाही, पुन्हा येण्याची गरज नाही. पत्ता त्याला वाचावा लागला नाही. ते बाईंचे मास्तर होते.

मॅक्रो दुरुस्त करायला आठ मिनिटं लागली. 'घरचे' फोल्डरही बघायचा, आणि प्रत्येक माणसाआधी हातातला निकाल पुसून टाकायचा, बस. आठ मिनिटांचं काम त्या मंगळवारी करायला त्याला सवड नव्हती! मग तो वाफेने भरलेल्या खिडकीकडे तोंड करून बसला. कायम करण्याचा आदेश सोमवारी सहीला जाणार होता. आता तोंड उघडलं तर चौकशी, मॅक्रो बंद, बाई पुन्हा खुर्चीत आणि आपण रस्त्यावर. न उघडलं तर मास्तर. हिशोब इतका सरळ होता, त्याला तो नीट कळला होता. कळलं नव्हतं असं पुढे कोणी म्हणू नये म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याने दुरुस्तीचं पत्र टाइपही केलं. 'पूर्वीच्या पत्रात नजरचुकीने' इथपर्यंत आला आणि त्याला बाई दिसल्या, दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून ओठ हलवत वाचणाऱ्या. त्या दोन मिनिटांत ताडतील. त्याने पत्र पुसलं.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "वय किती म्हणालात त्यांचं?"

"एकोणसत्तर."

"मग?" ती म्हणाली, आणि पुढचा कपडा उचलला. जरा वेळाने म्हणाली, "सोमवारी सही होऊ दे. मंगळवारी सांगा की. चार दिवसांत काय होतंय?"

सोमवारी सही झाली. झटपट कायम झाला. विभागाने त्याला हार घातला, साहेबांनी पाठ थोपटली. आदेशाच्या दुसऱ्या पानावर मात्र बारीक अक्षरांत एक अट होती: सहा महिने कामावर नजर राहील, गंभीर चूक आढळल्यास आदेश रद्द. मंगळवारी त्याने सांगितलं नाही. बुधवारीही नाही. रोज सकाळी तळमजल्यावर शिरताना तो चौकशीच्या खिडकीकडे न बघता जिना चढू लागला. माणूस एवढ्यानेही सुखात राहू शकतो, हे आपल्याला बरं वाटत नाही, पण राहू शकतो. तो पोटभर जेवायचा.

अठरा दिवसांनी बाई स्वतःच वर आल्या. जिना चढून धाप लागली होती. हातात ते पत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घातलेलं.

"झटपट, तुझं एक काम होतं रे," त्या म्हणाल्या. "यांची गाठ वाढलीय. गिळताना त्रास होतो म्हणतात. पत्रात काही नाही आलंय, म्हणून मीच दामटून घरी बसवलं होतं त्यांना. पण मन खातंय माझं. खाली नाव लावायला गेले तर म्हणतात, काही नाही असं पत्र असताना नवीन नंबर दीड महिन्याने. तू जरा मूळ अहवाल बघतोस? तुझ्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटेल."

त्या टेबलाच्या अलीकडे उभ्या होत्या, पडदा त्याच्याकडे होता. दोघांच्या मध्ये दीड हात लाकूड. त्याने 'घरचे' उघडला, अहवाल उघडला. ताबडतोब डॉक्टरांना भेटावे. वर्डची खिडकी भली मोठी उघडली होती, अक्षरं काळीभोर. बाई दोन पावलं चालून इकडे आल्या असत्या तर संपलं असतं. पण बाई बोलावल्याशिवाय कधी कोणाच्या टेबलामागे जात नसत.

"काही नाही, बाई," तो म्हणाला. "पत्रात आहे तेच आहे."

"नक्की ना?"

"अहो, माझ्यासमोर उघडाय. साधी गाठ असेल. उगाच काळजी करता."

बाईंचा चेहरा सैल पडला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "जीव भांड्यात पडला बघ," म्हणाल्या. "तू बघितलंस म्हणजे झालं. मी यांना सांगते, आमच्या झटपटने स्वतः बघितलंय म्हणून." जाता जाता त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला. हात थंड होता. त्या गेल्यावर त्याने अहवाल बंद केला. बदल जतन करायचे का असं वर्डने विचारलं नाही, कारण त्याने काहीच बदललं नव्हतं.

सात आठवड्यांनी मास्तरांना श्वास घेता येईना म्हणून अपघात विभागात आणलं. गाठ आत उतरून पसरली होती. "इतके दिवस काय करत होतात?" तरुण डॉक्टरीणबाई ओरडल्या. बाईंनी पिशवीतून पत्र काढून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, खांदे उडवले. "असतं कधी कधी. सुई बाजूला लागली की नमुन्यात येत नाही. कोणाचा दोष नाही यात." हे लिफ्टवाल्याकडून झटपटच्या कानावर आलं तेव्हा त्याला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. त्या दिवशी त्याने लिफ्टवाल्याला चहा पाजला.

मास्तर एकवीस दिवस काढून गेले. झटपट भेटायला गेला होता, दोनदा. मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी उशाशी असलेल्या वहीच्या कागदावर पेन्सिलीने त्याचं चित्र काढून दिलं, घाईघाईतलं, पण नाक अगदी हुबेहूब. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं आणि बाहेर आल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

दहा-बारा दिवसांनी बाई पुन्हा दुसऱ्या मजल्यावर आल्या. बारीक झाल्या होत्या. हातात मास्तरांची पत्त्यांची वही. चाळीस वर्षांत शिकवलेल्या मुलांपैकी जे पत्र लिहीत राहिले त्यांचे पत्ते मास्तरांनी तीत लिहून ठेवले होते. एकशे त्रेसष्ट.

"सगळ्यांना कळवायचंय रे," बाई म्हणाल्या. "माझ्याच्याने एवढं टाइप होणार नाही आता. डोळे भरून येतात. तुझ्या त्या बटणाने होईल का?"

"झटपट होईल," असं तो म्हणाला. तोंडातून गेलंच.

पत्ते तक्त्यात भरायला त्याला दुपार लागली. मग बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि मजकूर सांगू लागल्या. मास्तर गेले, अमुक तारखेला, शेवटी फार त्रास झाला नाही, तुमची आठवण काढायचे. झटपट टाइप करत होता. बाई थांबल्या, रुमालाने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता आणखी एक ओळ घे. 'या सगळ्या काळात त्यांच्या ऑफिसातल्या', नाही, 'माझ्या ऑफिसातल्या झटपटने पोटच्या मुलासारखा आधार दिला. अहवालसुद्धा त्याने स्वतः तपासून पाहिला होता. देवाने असा मुलगा सगळ्यांना द्यावा.'"

"बाई, हे कशाला?" त्याने कळफलकावरून बोटं उचलली.

"गप बस. मी सांगते ते लिही."

त्याने लिहिलं. विभागातले सगळे कौतुकाने बघत होते. साहेबही दारात येऊन उभे राहिले होते, बाईंचं सांत्वन करायला. "वा," साहेब म्हणाले, "माणूस कमावलात बाई तुम्ही." झटपटने बटण दाबलं. पडद्यावर काही दिसलं नाही, फक्त प्रिंटर सुरू झाला. एकेक पत्र बाहेर पडत होतं, आणि बाई ते उचलून ओठ हलवत पूर्ण वाचत होत्या. त्या ओळीपाशी आल्या की मान वर करून, डोळ्यांत पाणी घेऊन, त्याच्याकडे बघून हसत होत्या. मग पत्र बाजूला ठेवून पुढचं उचलत होत्या.